राखणदाराच्या वाट्याचा सोडा

मयेच्या तळ्याच्या वरच्या अंगाला जो डोंगर आहे, त्याच्या उतरणीवर गुरुदासची काजूची बाग आणि बागेच्या तोंडाशी त्याची भट्टी. मार्च लागला की ह्या उतरणीला वास सुटतो. पिकल्या बोंडूंचा हा वास धड गोड नाही, धड आंबट नाही. माणूस त्यातून एकदा चालत गेला, की संध्याकाळपर्यंत आपल्या सदऱ्याला कुणीतरी हळूच बिलगून आहे असं त्याला वाटत राहतं.

हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या उकळीची दारू, गाळणारे डिचोली तालुक्यात पुष्कळ. बहुतेकांकडे काचेची नळी असते. ती गाळलेल्या हुर्राकीत सोडली की जोर किती ते आकड्यात कळतं. गुरुदासकडे नळी नव्हती. त्याच्या बापाकडेही नव्हती. त्यांच्याकडे जीभ होती.

काम असं चाले. बोंडू दगडी कोळमीच्या कुंडात घालून पायांनी तुडवायचे. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचायचा, त्याला रानवेलीने गच्च गुंडाळायचं आणि वर मोठा धोंडा ठेवायचा. मग त्या ढिगातून थेंब थेंब जो नितळ रस उतरतो तो नीरो. सकाळी गुरुदास त्या थेंबांखाली कुलेर, म्हणजे पोह्याचा चमचा, धरी, तेवढा रस जिभेवर घेई, डोळे मिटी, आणि सांगे, "आज दोन दिस." किंवा, "अडीच." म्हणजे आजचा रस तेवढे दिवस आंबवायचा, मग भाणात, तांब्याच्या त्या मोठ्या हंड्यात, घालून खाली विस्तव करायचा. त्याची बायको पद्मावती ते ऐके आणि मडक्याच्या गळ्याला सुतळीच्या तेवढ्या गाठी मारी. चौतीस वर्षं ती ह्या गाठी मारत आली होती. गुरुदास पूर्वी खाणीवर टिप्पर चालवायचा तेव्हादेखील हंगामात पहाटे बागेत येऊन नीरो चाखून मगच ड्युटीवर जाई. पुढे खाणी बंद पडल्या, टिप्पर विकला गेला, जीभ राहिली.

दोन वर्षांमागे गुरुदासला शुगर निघाली. तोवर तो चहात तीन कुलेरी साखर घेई. ती सुटली. मग एका रविवारी वास्कोहून गौरवी आली. ही त्यांची एकुलती मुलगी, तिथं एका जहाजाच्या ऑफिसात कामाला. बापाचं उतरलेलं तोंड बघून तिला वाईट वाटलं. पुढच्या खेपेला तिनं चंदेरी कॅनची एक पेटीच आणली.

"बाबा, ह्यो डाएट सोडो. ह्यात साखर नाय. गोड मात्र लागता."

"साखर नाय आणि गोड?" गुरुदासने कॅन फिरवून फिरवून बघितला. "मगे दोष खंय?"

दोष कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिला कॅन त्याने दुपारी घेतला. महिन्याभरात सकाळी एक, जेवणावर एक झाला. वर्ष सरता सरता दिवसाला पाच, आणि गौरवी खेपेखेपेला पेट्या आणू लागली. भट्टीच्या धगीत उभ्या माणसाला थंड हवंच, असं तो म्हणे. पद्मावती बोंडू वेचता वेचता फुगडीची चाल लावून त्याला ऐकू जाईल इतपत गुणगुणे:

"रुपेरी डब्यात काळोख भरलो गो,
घोवान माझ्या भर दुपारी प्यालो गो."

"ह्यां कोणी रचलां?" तो विचारी.

"झाडार होतां. बोंडवांवांगडा खाली पडलां," ती म्हणे.

पोट फुगे, ढेकर येत, ते आंबट असत. दात पाण्याला कळवळत. अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. गुरुदास ह्या सगळ्याला वय म्हणे. साठीला आलेल्या माणसाला काही ना काही हवंच, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणार तरी कशावर.

पण ह्या मार्चमध्ये जे घडलं त्याला वय म्हणून चालेना.

हंगामाच्या पहिल्या नीरोचा चमचा त्याने जिभेवर घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"काय वो?" पद्मावती सुतळी घेऊन उभी.

"पाणी," तो म्हणाला. "यंदा बोंडवाक चव नाय. साडेतीन दिस ठेय."

तिनं साडेतीन दिवस ठेवला. भाणातून जे उतरलं त्याला असा उग्र आंबट दर्प होता की चुलीजवळची मांजरी उठून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसली. ते सगळं झाडांच्या मुळाशी ओतलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला सकाळी तो पुन्हा "पाणी" म्हणाला तेव्हा पद्मावतीने, चौतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. थेंबांखाली बोट धरलं आणि चाखलं.

"अवो," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यो गोड आसा."

"खंय गोड?"

तिनं पुन्हा बोट धरलं, पुन्हा चाखलं. "चांगलो गोड आसा. दर वर्सासारखो."

मग ती घरात गेली, गुळाचा हरभऱ्याएवढा खडा घेऊन आली आणि त्याच्या जिभेवर ठेवला. तिच्या मते एवढ्याने शुगर वर चढली असती तरी चाललं असतं.

गुरुदासने तो चघळला. "गोड आसा," तो म्हणाला. "पण लांब आसा. नदीच्या पलतडी कोणतरी हाक मारता, तसो."

त्या दिवशी भट्टी पेटली नाही. नळी बाजारात मिळते, हे दोघांना ठाऊक होतं. पण नळी उतरलेल्या हुर्राकीचा जोर सांगते. रस अजून किती दिवस ठेवायचा ते ती सांगत नाही. ते जिभेनंच सांगायचं असतं. जीभ गेली तर गुरुदास हा नुसता पाणी उकळणारा माणूस. "मे मधल्यापर्यंत हंगाम," तो पायरीवर बसून म्हणाला. "तोवर चव परत इली तर इली. नाय तर ह्यो विस्तव कायमचो मालवतंय. बापाच्या नावान वायट हुर्राक लोकांक पाजूची नाय."

पद्मावतीने सुतळी गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला डिचोलीच्या बसमध्ये बसवलं.

डॉक्टर शीतल वयाने गौरवीएवढी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"दिवसाला पाच? काका, मी साखर बंद करा म्हटलेलं. हे सुरू करा असं म्हटलेलं आठवत नाही मला."

"साखर नाय म्हणान घेतलंय."

"साखर नाही, खरंय. एखादा घेतला असता तर मी काही बोललेही नसते. पण जिभेला दिवसभर एवढं कडक गोड मिळालं, की फळाचं साधं गोड तिला फिकं वाटू शकतं. त्यात पोटातलं आंबट वर घशाशी येतंय, तेही तोंडाची चव बिघडवतं. झोप नाही म्हणता, तर ह्या काळ्या सोड्यात कॉफीतलं द्रव्य असतं. सगळ्यांना होतं असं नाही. तुम्हाला झालेलं दिसतंय. चार आठवडे पूर्ण बंद करून बघा. पहिले दोनचार दिवस डोकं चढेल, त्याला भिऊ नका."

"चव येतली?" हे पद्मावतीने विचारलं.

"येईल असं वाटतं. वचन नाही देत."

चार आठवडे म्हणजे निम्मा एप्रिल जाणार. गुरुदासने घरी येऊन होत्या तेवढ्या कॅनच्या पेट्या माळ्यावर चढवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्याचं डोकं असं ठणकू लागलं की जणू आत कुणी बोंडू तुडवतंय. साडेतीनला तो शिडी शोधत होता.

आणि तिथंच, शिडीला हात लावून उभा असताना, त्याला राखणदार आठवला.

बागेच्या टोकाला किंदळाच्या झाडाखाली एक शेंदरी धोंडा आहे. तो ह्या डोंगराचा राखणदार. भट्टी पेटवण्याआधी त्याला रोट आणि विडी द्यायची, हंगामाची पहिली हुर्राक त्याच्यापुढे ठेवायची, ही पिढ्यांची रीत. जे आपल्याने पेलत नाही ते राखणदाराच्या हवाली करावं, हे गुरुदास आईच्या कडेवर असल्यापासून ऐकत आला होता. आपल्याने सोडा सुटत नाही. तर तो राखणदाराला देऊन टाकावा. मग तो आपला उरतच नाही. ह्या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं की डोकंसुद्धा थोडं उतरलं.

तो एक कॅन घेऊन गेला. धोंड्यापुढे उघडून ठेवला, हात जोडले.

"म्हाराजा, आजपासून माझो सोडो तुझो. दर दिसाक आणून देतंय. माझ्या तोंडचो काढून तुका दिलंय, मान्य करून घे."

आणि तिथंच घोटाळा झाला. राखणदाराला दिलेलं तसंच टाकून जायचं नसतं. रोट असो, हुर्राक असो, थोडा वेळ ठेवायचं, त्याची नजर पडू द्यायची, मग प्रसाद म्हणून वाटून खायचं. नाही खाल्लं तर त्याचा अपमान. गुरुदासने आजूबाजूला बघितलं. वाटून घ्यायला कुणी नव्हतं. एक सरडा होता, तोही निघाला होता. गुरुदासने प्रसाद डोळ्यांना लावला आणि घेतला.

आठवड्याभरात राखणदाराला सकाळचा, दुपारचा आणि तिन्हीसांजेचा असा तीन वेळचा नैवेद्य सुरू झाला. गुरुदासच्या मनात पाप नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. तो खरोखरच हात जोडी, खरोखरच त्याचे डोळे भरून येत. पद्मावतीला आधी बरं वाटलं. माणूस देवाला लागला, तिनं फोनवर गौरवीला सांगितलं. मग एके दिवशी किंदळाखाली वाळकी पानं गोळा करायला ती गेली आणि तिला पानांत दडपलेले चौदा रिकामे कॅन मिळाले.

संध्याकाळी तिनं ते त्याच्यापुढे ओळीने मांडले.

"राखणदाराक शुगर कधीपासून झाली?"

गुरुदास ओशाळला. "तो प्रसाद, गो. प्रसाद नाय म्हणूचो कसो?"

"तीन तीन वेळ?"

"शब्द दिलंय त्येका. दर दिसाक देतंय म्हटलंय."

"दिसाक म्हटलास मां? मगे एक. तीन कोणी मागल्यान?"

गुरुदासने कॅन गोळा करायला घेतले. पण शब्द दिलेला आहे, आणि दिलेला शब्द नुसता तोडून चालणार नाही, हे पद्मावतीलाही तितकंच खरं वाटत होतं. डोंगराच्या धन्याशी खेळ करून ह्या उतरणीवर कुणी राहत नाही. तिनं वाड्यावरच्या अनंतभाऊंना बोलावणं धाडलं.

अनंतभाऊ सत्तरीचे. गावची गाऱ्हाणी तेच घालत. लग्न असो, नवी गाडी असो, हरवलेली म्हैस असो, देवापुढे उभं राहून माणसांच्या वतीने बोलायचं काम त्यांचं. रविवारी सकाळी ते काठी टेकत किंदळाखाली आले, सगळी हकीकत ऐकली, आणि खूप वेळ मिशीआड काहीतरी दाबून धरल्यासारखे उभे राहिले.

"गुरुदासा, शब्द दिलंस तो दिलंस. नैवेद्य बंद करूक जावचो नाय. पण प्रसाद कोणी घेवचो तां बोललंस?"

"नाय बा. तां रवलां."

"तीच चूक झाली," असं म्हणून अनंतभाऊंनी पंचा सारखा केला आणि आवाज लावला. "बा डोंगराच्या राखणदारा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान चूकभूल केली आसा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," गुरुदास आणि पद्मावती म्हणाले.

"अर्धां बोललो, अर्धां गिळून बसलो म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"आजपासून दिसाक एक डबो तुका दाखयतलो, आणि त्येचो प्रसाद घरची लक्ष्मी घेतली म्हाराजा. हेणी स्वता एक थेंब तोंडाक लावूचो नाय म्हाराजा."

गुरुदासचा 'होय' पुटपुटण्याइतकाच आला. पद्मावतीचा मात्र स्पष्ट आला. "होय म्हाराजा," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावरून सारखा करत कॅनला हात घातला.

जन्मात ती चहा आणि कोकमाचं पाणी ह्यांपलीकडे काही प्याली नव्हती. पहिल्या घोटाला तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, नाकातून गॅस गेला. "गावठी फटाको," ती म्हणाली. पण शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. प्रसाद अर्धा टाकायचा नसतो.

गुरुदासचे पुढचे तीन दिवस वाईट गेले. डोकं ठणके. तो विनाकारण कोंबड्यांवर ओरडे, मग कोंबड्यांची समजूत काढत फिरे. पद्मावती त्याच्या कपाळाला ओला पंचा बांधी आणि मीठ घातलेलं कोकमाचं पाणी देई. ते त्याला काहीच लागत नव्हतं, नुसतं ओलं लागे. चौथ्या दिवशी डोकं उतरलं. त्या दिवशी तो दुपारी झाडाखाली बसल्या बसल्या झोपला, आणि उठला तेव्हा त्याला आठवेना की असं झोपलो त्याला किती महिने झाले.

पण घरातली झोप जणू एकाच माणसापुरती होती; इकडे आली ती तिकडून निघून गेली. पद्मावती ही मांजर झोपली की झोपणारी आणि कोंबडा आरवला की उठणारी बाई. आता सकाळी तो उठून बघे तर सगळी भांडी घासून पालथी, अंगण सारवलेलं, तांदळाचे दोन डबे निवडून ठेवलेले, आणि तिचे डोळे लाल.

"केन्ना उठलंस?"

"उठूक आधी झोपूक लागता," ती म्हणे.

आठव्या दिवशी ती बोंडूंची पाटी डोक्यावर घेऊन चढ चढत होती. अर्ध्या चढावर तिनं पाटी खाली ठेवली, छातीच्या मधोमध मूठ दाबली आणि एका धोंड्यावर बसली. गुरुदास वरून बघत होता. आपले पाय एवढ्या जोरात खाली धावू शकतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काय झालां?"

"काय नाय. जळजळता. दुपारचो प्रसाद अजून थंय उभो आसा, बसूक तयार नाय."

त्याने पाटी आपल्या डोक्यावर घेतली. पद्मावतीला मागे ठेवून चालवेना, पुढे घालून चालवेना, म्हणून अरुंद वाटेवर दोघं बाजूबाजूने, काट्यांतून चालले.

"उद्या अर्धो पी, अर्धो टाक."

"प्रसाद टाकतत?"

"मगे मी घेतंय."

"गाऱ्हाणां काय घातलां अनंतभावान? एक थेंब नाय."

"मगे मी न्हेवचोच नाय."

"शब्द दिलास तुमी," पद्मावती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमची जीभ परत येवची म्हणान मी तो पितंय. चार आठवडे म्हटलां डॉक्टरणीन. चार आठवड्यांत मी मरत नाय."

गुरुदासने पाटी भट्टीपाशी उतरवली. माळ्यावर अजून चाळीसेक कॅन होते. रोज एक. प्रत्येक कॅन त्याने आपल्या हाताने किंदळाखाली न्यायचा, आणि त्याने चाळीस वेळा हिच्या छातीत जाळ व्हायचा. आपली तहान कधी कुणाच्या पोटात जाऊन दुखेल असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. ती आपल्यासाठी राखणदारापुढे होय म्हणाली होती, चौतीस वर्षं गाठी मारत आली होती. त्या संध्याकाळी वास्कोहून फोन आला.

"बाबा, डबे संपले काय? आणू आणखी?"

"नको गो बाये. त्येणीच जीभ गेली माझी. आसत ते कमी करूचो मार्ग मिळाना."

"माझीच चूक, बाबा."

"चूक कसली? तू बापाक गोड दिलंस. कसां घेवचां तां बापाक कळलां नाय."

दुसऱ्या सकाळी तो हातात कॅन न घेता किंदळाकडे निघाला. जाताना त्याने ढिगाखालचा नीरो एका कोपात, काचेच्या छोट्या पेल्यात, धरला. कोप भरायला वेळ लागला. थेंबांना घाई नसते. धोंड्यापुढे त्याने कोप ठेवला आणि उभा राहिला. त्याने आजवर कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. ते अनंतभाऊंसारख्यांचं काम. पण हे दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं.

"बा म्हाराजा," त्याने सुरुवात केली आणि थांबला. "बा डोंगराच्या धन्या म्हाराजा. मी तुझ्यापुढे शाणपण केलंय. माझी खोड माका सोडवना, ती तुझ्या नावार घातलंय. तुझ्या नावान तीच प्यालंय. आणि आता ती माझ्या बायलेच्या पोटात जाळ करता म्हाराजा."

किंदळाचं पान हललं नाही. मागे कुठंतरी खारीने आवाज केला.

"शब्द मोडूक येवक नाय. बदलूक इलंय. तो काळो सोडो तुकाय नको, माकाय नको, तिकाय नको. त्येच्या जाग्यार ह्या बागेचो पयलो नीरो, दर दिसाक, माझ्या जिभेआधी तुका. माझी चव दिलंस तर तुझी दया. नाय दिलंस तर भट्टी मालवतंय आणि गप बसतंय, तुका दोष देवचो नाय. पण तिच्या छातीतली आग तेवढी उतरय म्हाराजा."

"होय म्हाराजा," मागून आवाज आला.

पद्मावती उभी होती. कमरेला रिकामी पाटी, पायाला लाल माती. कधीपासून उभी होती कोण जाणे. गुरुदास मागे वळला नाही. वळण्यासारखं तोंड त्याचं त्या घडीला नव्हतं. ती पुढे येऊन त्याच्या बाजूला उभी राहिली आणि धोंड्याला नमस्कार केला.

"इतक्या बरां बोलूक येता," ती म्हणाली, "तर अनंतभावाक कशाक चढ चढयलास?"

नीरोचा प्रसाद तिनं घेतला. अर्धी कुलेर त्याला दिली. चाखण्यापुरतं तेवढंच, त्याहून जास्त नाही, हे तिनं डॉक्टरणीला आधीच फोन करून विचारून ठेवलेलं. ती अर्धी कुलेर त्याला पाणीच लागली. त्याने तसं सांगितलं. तिनं मान हलवली, आणि मग तीच म्हणाली, "दोन दिस." सुतळीच्या गाठी तिनं दोनदा ओढून बघितल्या. दोन दिवसांनी भाणातून जे उतरलं ते अनंतभाऊंनी मिशी पुसत दोनदा मागून घेतलं.

असे पंधरा दिवस गेले. माळ्यावरच्या कॅनमधला सोडा पद्मावतीने भाणाचं काळं पडलेलं तांबं घासायला काढला, आणि भाण असं लखलखलं की गुरुदासने त्यात आपलं तोंड बघून घेतलं. तिची छाती शांत झाली होती. ती पुन्हा मांजरीबरोबर झोपू लागली होती. त्याचे ढेकर थांबले होते, पाणी दातांना लागेनासं झालं होतं. जीभ मात्र येत होती ती वासरू गोठ्याकडे येतं तशी. चार पावलं पुढे, मग थांबून दुसरीकडेच बघायचं. एकदा आमटीतला कांदा गोड लागला. एकदा उकड्या तांदळाच्या पेजेत काहीतरी होतं, तो घास तोंडात धरूनच राहिला, आणि पद्मावतीने विचारलं तरी बोलेना, बोललो तर जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं सपाट.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी राखणदाराचा कोप ठेवून झाला, तिनं आपला घोट घेतला, त्याला अर्धी कुलेर दिली. त्याने डोळे मिटले.

ह्या वेळी हाक नदीच्या पलतडी नव्हती. ती अलीकडच्या काठावर होती, पाय पाण्यात घालून. आधी गोड, त्याच्या मागोमाग घशाला धरणारा तो काजूचा तुरटपणा, आणि अगदी शेवटी, जिभेच्या कडेला, किंचित आंबट. हे आंबट तो बापाच्या मांडीवर बसून ओळखायला शिकला होता. त्याने डोळे उघडले तेव्हा पद्मावती त्याच्या चेहऱ्याकडे अशी बघत होती की ऐकायला तिला कान लागणारच नव्हते.

"दोन दिस," तो म्हणाला.

पद्मावतीने सुतळी घेतली, एक गाठ मारली, आणि थांबली.

"माका दीड वाटता," ती म्हणाली.

"दीड?"

"तळाक आंबट आसा. काल नव्हतां. ऊन वाढलां आसा, दोन दिसांत चढतलां."

चौतीस वर्षांत त्या बागेत त्याच्या जिभेला कुणी 'दीड' म्हटलेलं नव्हतं. गुरुदासने कुलेर पुन्हा थेंबांखाली धरली. डॉक्टरणीचा हिशेब आज मोडणार होता. त्याने चाखलं, तोंडात घोळवलं, आकाशाकडे बघितलं, मग मडक्याला हात लावून ते किती तापलंय ते बघितलं.

"पावणेदोन," तो शेवटी म्हणाला.

"पावणेदोनची गाठ कशी मारू?"

"तां माका काय म्हायत. गाठी तुझ्या."

तिनं एक पूर्ण गाठ मारली, आणि दुसरी अशी सैल ठेवली की कुणी ओढली तर सुटेल. मग पाटी उचलून झाडांकडे निघाली. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, "उद्या मध्यरातीक भाण चढयतंय. तुमी झोपान रवलास तर मी एकटी चढयतलंय."

गुरुदास भट्टीपाशी वाकला आणि लाकडं रचू लागला.